मायामीची आई : ज्युलिया टटल

मैत्रिणींनो, मायामी हे नाव आता आपल्याला परकं राहिलेलं नाही. कुणाचा मुलगा, कुणाची भाची अमेरिकेत असते. फोटो येतात. निळा समुद्र, उंच उंच इमारती, भल्यामोठ्या बोटी. फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाचं हे शहर, २०२०च्या जनगणनेत तिथे ४ लाख ४२ हजार माणसं होती. आजूबाजूची गावं धरली तर कितीतरी जास्त. पण हे शहर एका बाईनं वसवलं, हे किती जणींना ठाऊक आहे? अमेरिकेतल्या मोठ्या शहरांपैकी बाईच्या हातून उभं राहिलेलं हे एकमेव शहर मानलं जातं. त्या बाईचं नाव ज्युलिया टटल. ती विधवा होती, दोन मुलांची आई होती, आणि तिच्या नावावर ६४० एकर जमीन होती. एवढ्या भांडवलावर तिनं शहर उभं केलं. आणि शहर उभं राहिलं तेव्हा त्याच्या पहिल्या निवडणुकीत तिला मत द्यायला मिळालं नाही!

क्लीव्हलँडची लेक

ज्युलियाचा जन्म २२ जानेवारी १८४९चा, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरातला. माहेरचं आडनाव स्टर्टेव्हंट. अठराव्या वाढदिवशीच, म्हणजे २२ जानेवारी १८६७ला, तिचं लग्न झालं. नवरा फ्रेडरिक टटल, लोखंडाच्या धंद्यातल्या घरातला. पुढच्याच वर्षी मुलगी झाली, फॅनी. आणि १८७० साली मुलगा, हॅरी. चारचौघींसारखा सुखाचा संसार.

मुलं लहान असतानाच वडलांनी, एफ्राइम स्टर्टेव्हंट यांनी, वेगळीच वाट धरली. उतारवयात माणूस घराजवळ राहतो. हे गृहस्थ १८७०च्या सुमारास हजारभर मैल दूर, पार दक्षिणेला फ्लोरिडात बिस्केन नावाच्या उपसागराच्या काठी जाऊन राहिले. तिथे सरकारी पडीक जमीन कसून आपली करता येत असे. पुढे ते त्या राज्याच्या विधिमंडळातही गेले. वडलांना भेटायला म्हणून ज्युलिया १८७५ साली पहिल्यांदा तिकडे गेली. क्लीव्हलँडच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतून निघून ती भर हिवाळ्यातही झाडं हिरवीगार असलेल्या मुलखात पोचली. ती परत आली खरी, पण तो मुलूख तिच्या मनातून काही गेला नाही.

इकडे नवऱ्याची तब्येत ढासळत चालली होती. त्याला क्षय होता आणि त्या काळी क्षयाला औषध नव्हतं. १८८६ साली फ्रेडरिक गेला. ज्युलिया सदतीस वर्षांची होती. घर मोठं होतं, पण हातात पैसा बेताचा. तिनं घरात पैसे देऊन राहणारे पाहुणे ठेवले आणि संसार चालवला. शिवाय मुलांच्याही तब्येती नाजूक. त्यांना त्या थंडीत ठेवायचं तिच्या जिवावर येई.

१८९१ साली वडील वारले. त्यांची फ्लोरिडातली मालमत्ता आता लेकीकडे आली. नातेवाइकांनी काय सल्ला दिला असेल, हे आपल्याला सांगायला नको. विकून टाक, पैसे बँकेत ठेव, उरलेलं आयुष्य शांतपणे काढ. ज्युलियानं नेमकं उलटं केलं. तिनं क्लीव्हलँडचं घर विकलं आणि मायामी नदीच्या उत्तर काठावरची ६४० एकर जमीन विकत घेतली. ६४० एकर म्हणजे बरोबर एक चौरस मैल. आजच्या मायामीचा मध्यभाग तो हाच.

अनवाणी पोस्टमनचा मुलूख

नोव्हेंबर १८९१मध्ये ती फॅनी आणि हॅरीला घेऊन बोटीनं तिथे उतरली. तिनं काय विकत घेतलं होतं, ते बघू या.

डेड हा तिथला जिल्हा. आत्ताच्यापेक्षा कितीतरी मोठा. १८९०च्या जनगणनेत त्या अख्ख्या जिल्ह्यात माणसं होती ८६१! आपल्याकडे एवढी वस्ती एखाद्या लहानशा खेड्याची असते. रेल्वे नाही, रस्ता नाही. जायचं यायचं ते समुद्रावरून. टपाल कसं येई, ते ऐकून तर आश्चर्य वाटेल. पाम बीच ते मायामी हे अंतर सुमारे ११० किलोमीटर. टपालवाला मध्ये लागणाऱ्या खाड्या होडीनं ओलांडायचा आणि उरलेली वाट समुद्राच्या कडेकडेनं पायी चालायचा. ओल्या वाळूवर पाय कमी रुततात म्हणून बूट काढून, अनवाणी. जाऊन-येऊन सहा दिवस. १८८७ साली असाच एक टपालवाला खाडीपाशी गेला तो परत आलाच नाही. १८९२ साली गाडीवाट झाली, तेव्हा कुठे हे अनवाणी चालणं थांबलं.

घराबाहेर पडलं की डासांचे थवे. प्रत्येक दाराशी ताडाच्या झावळीचा झाडू टांगलेला असे. आत येणाऱ्यानं आधी अंगावरचे डास झटकायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. खाण्याची तऱ्हाही वेगळी. कुंटी नावाचं एक रानझाड तिथे उगवतं, त्याचा बुंधा जमिनीत वाढतो. तो किसून, पुन्हा पुन्हा पाण्यात धुऊन त्यातलं विष काढायचं आणि तळाशी बसलेलं सत्त्व वाळवून त्याची पिठी करायची. आरारुटासारखी. ही विद्या तिथल्या मूळच्या सेमिनोल लोकांची. गोरे वसाहतवालेही हीच पिठी करून विकायचे आणि चार पैसे मिळवायचे.

तो मुलूख अगदीच निर्मनुष्य होता असं मात्र नाही. सेमिनोल लोक होड्यांतून कातडी आणि पिसं घेऊन यायचे. नदीच्या दक्षिण काठावर ब्रिकेल कुटुंबाचं दुकान होतं, तिथे हा सगळा व्यापार चाले. हे ब्रिकेल नवरा-बायको १८७१ पासून तिथे होते. जवळच्या कोकोनट ग्रोव्ह या वस्तीत बहामा बेटांवरून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं होती. खडकाळ जमिनीत झाडं कशी जगवायची, हे त्यांनाच ठाऊक. त्यांच्या बायका तिथल्या लहानशा खानावळीत धुणी धुवायच्या, स्वयंपाकपाणी बघायच्या.

ज्युलियाच्या जमिनीवर जुन्या लष्करी तळाच्या दगडी इमारती होत्या. डॅलस किल्ला म्हणत त्याला. सेमिनोलांशी झालेल्या लढायांच्या वेळचा तो तळ. त्याच्याही आधी तिथे मळा होता आणि तो गुलामांच्या घामावर पिकत होता. पडझड झालेल्या त्या घरांपैकी एक ज्युलियानं झाडूनपुसून, दुरुस्त करून राहण्याजोगं केलं. भोवती बाग लावली, फळझाडं लावली. समोर नदी, पलीकडे उपसागर. आलेला पाहुणा थक्क होऊन बघत राही. पण तिचं लक्ष बागेत नव्हतं. तिला इथे शहर दिसत होतं. आणि शहर व्हायचं तर रेल्वे यायला हवी, हे तिनं पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं.

अर्धी जमीन देते, पण रेल्वे आणा

फ्लोरिडात त्या काळी दोन रेल्वेसम्राट होते. पश्चिमेला हेन्री प्लँट आणि पूर्वेला हेन्री फ्लॅगलर. क्लीव्हलँडला असतानाच ज्युलियाची प्लँटच्या एका अधिकाऱ्याशी, जेम्स इंग्रॅम यांच्याशी, ओळख झाली होती. मायामीपर्यंत जो कुणी रेल्वे आणील त्याला आपली अर्धी जमीन देऊ, असं तिनं तेव्हाच त्यांना सांगून ठेवलं होतं. हसण्यावारी न्यावं असंच बोलणं ते! पण इंग्रॅम ते विसरले नाहीत.

१८९२ साली हे इंग्रॅम वीस-बावीस माणसं घेऊन फ्लोरिडाचा दलदलीचा मुलूख ओलांडायला निघाले. एव्हरग्लेड्स म्हणतात त्याला. कमरेएवढं पाणी, करवतीसारख्या पात्यांचं गवत आणि सुसरी. रेल्वे नेता येते का, ते बघायचं होतं. शिधा संपत आला, माणसं खंगली आणि कशीबशी ती मंडळी मायामी नदीशी पोचली. तिथे ज्युलियानं त्यांचं स्वागत केलं, त्यांना खाऊपिऊ घातलं. पण प्लँटची रेल्वे काही आली नाही. दलदलीतून रूळ टाकणं परवडणारं नाही, असं ठरलं.

मग उरला फ्लॅगलर. हाही मूळचा क्लीव्हलँडच्या व्यापारीवर्तुळातला. रॉकफेलरचा तेलाच्या धंद्यातला भागीदार आणि अफाट श्रीमंत. पूर्व किनाऱ्यानं एकेक हॉटेल बांधत त्याची रेल्वे दक्षिणेला सरकत होती. १८९४ साली ती पाम बीचपर्यंत आली आणि थांबली. तिथे त्यानं प्रचंड हॉटेल बांधलं, श्रीमंतांची रीघ लागली. पुढच्या ११० किलोमीटरमध्ये त्याला काही राम दिसेना. ज्युलिया पत्रं लिहीत राहिली, अर्धी जमीन देऊ करत राहिली. तो नाही म्हणत राहिला. एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा विचारायला आपल्याला किती लाज वाटते! तिनं ती लाज बाजूला ठेवली होती.

थंडीची लाट आणि फुलांची गोष्ट

मग निसर्गानंच फासा टाकला. डिसेंबर १८९४च्या शेवटी फ्लोरिडावर थंडीची जबरदस्त लाट आली. संत्री झाडावरच गोठली. लोकांनी कसाबसा धीर धरला. झाडांना नवी पालवी फुटू लागली, तोच फेब्रुवारी १८९५मध्ये दुसरी लाट आली. या वेळी झाडांच्या आतला रसच गोठला, साली तडकल्या आणि झाडं मुळापासून मेली. संत्र्यांवर जगणारी कुटुंबं एका रात्रीत रस्त्यावर आली. कितीजण घरदार तसंच टाकून निघून गेले. फ्लॅगलरच्या रेल्वेचं उत्पन्नही याच संत्र्यांवर अवलंबून होतं.

मायामी नदीच्या काठाला मात्र थंडीनं हात लावला नव्हता. तिथली झाडं हिरवी होती, मोहोर तसाच होता.

इथे एक गोष्ट सांगितली जाते. ज्युलियानं म्हणे संत्र्याच्या मोहोराची एक डहाळी फ्लॅगलरला पाठवली. ती टवटवीत फुलं बघून तो विरघळला आणि रेल्वे आली. गोष्ट गोड आहे म्हणून ती टिकली. शंभर वर्षं झाली तरी मायामीत तीच सांगतात. प्रत्यक्षात काय घडलं? तेव्हा इंग्रॅम फ्लॅगलरकडे नोकरीला आले होते. गोठलेल्या बागा बघून ते खाली मायामीला गेले आणि लिंबू, संत्रं यांच्या मोहोरासकट फांद्या गोळा करून त्यांनी साहेबाकडे नेल्या. सोबत ज्युलियाचा निरोप होताच, अर्धी जमीन देण्याचा.

या गोष्टीत फुलं उरली आणि बाईचा व्यवहार पुसला गेला, हे मला खटकतं. चार वर्षं पत्रं लिहिणारी, जमिनीचे नकाशे डोक्यात ठेवणारी, समोरच्याला कशाची गरज आहे ते हेरणारी ही बाई. तिच्या हाती शेवटी फक्त फुलं दिली! पुरुषानं हेच केलं असतं, तर त्याला धोरणी उद्योजक म्हटलं असतं.

फ्लॅगलर १८९५च्या उन्हाळ्यात स्वतः मायामीला येऊन गेला. बोलणी झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये करार झाला. हा करार नीट समजून घेऊ या, कारण सगळी मेख त्यात आहे. ज्युलियानं हॉटेल आणि स्टेशनसाठी जागा दिली. उरलेल्या जमिनीचे पट्टे पाडून एक तिचा, एक फ्लॅगलरचा अशी आलटून पालटून वाटणी केली. म्हणजे फ्लॅगलर आपल्या जमिनीपुढचा रस्ता करणार, तो हिच्या जमिनीपुढूनही जाणार. भाव वाढेल तो दोघांचा वाढेल. राहतं घर आणि भोवतीची जागा तिनं स्वतःकडे ठेवली. बदल्यात त्यानं रेल्वे आणायची, हॉटेल बांधायचं, रस्ते आणि पाण्याची सोय करायची. दक्षिण काठावरच्या ब्रिकेल कुटुंबानंही रेल्वेसाठी जमीन दिली.

तिथल्या कायद्यातली एक गोष्टही लक्षात घ्यायला हवी. त्या काळी फ्लोरिडात लग्न झालेल्या बाईला स्वतःची जमीन विकायची, तरी सोबत नवऱ्याची सही लागे. ही बंधनं पूर्ण जायला १९४३ साल उजाडलं. ज्युलिया विधवा होती, म्हणून तिची एकटीची सही चालली. ज्या वैधव्याला जग दुर्दैव म्हणतं, त्याच वैधव्यानं तिला कागदावर मोकळं केलं. कायद्याचा उरफाटा न्याय, दुसरं काय!

गाव झालं शहर

एप्रिल १८९६मध्ये मायामीत पहिली आगगाडी आली. सारी वस्ती बघायला लोटली. कित्येकांनी जन्मात इंजिन पाहिलं नव्हतं. त्याच्या आधीपासूनच माणसांची रीघ लागली होती. थंडीनं उद्ध्वस्त झालेले शेतकरी, सुतार, गवंडी, दुकानदार. तंबू ठोकले गेले, लाकडी दुकानं उभी राहिली. मे महिन्यात गावात वर्तमानपत्रही निघालं.

झाडी तोडणारे, खडक फोडणारे, रस्ते करणारे हात मात्र बहुतेक कृष्णवर्णीय मजुरांचे होते. २८ जुलै १८९६ रोजी एका इमारतीच्या माडीवर सभा भरली आणि मायामी हे रीतसर शहर झालं. शहर व्हायला ठराविक संख्येनं मतदार लागत, त्यासाठी या मजुरांनाही बोलावलं होतं. साडेतीनशेच्या आसपास पुरुषांनी मतं दिली, त्यांत एक तृतीयांशाहून जास्त कृष्णवर्णीय होते. शहराच्या सनदेवर पहिलं नाव सायलस ऑस्टिन या कृष्णवर्णीय माणसाचं आहे. गरज संपल्यावर काय झालं? जमिनी विकताना घातलेल्या अटींमुळे या लोकांना रुळांपलीकडच्या एका कोपऱ्यात राहावं लागलं आणि पुढे त्यांचं मतही बिनमोल करून टाकलं गेलं.

शहराला फ्लॅगलरचं नाव द्यायची टूम निघाली होती. त्यानं नको म्हटलं आणि नदीचं नाव शहराला मिळालं. पहिला महापौर फ्लॅगलरच्याच कंपनीतला, जॉन रायली. आणि ज्युलिया? जिच्या जमिनीवर हे सगळं उभं होतं, तिला त्या सभेत मत नव्हतं. कारण ती बाई होती. अमेरिकेत सगळ्या राज्यांतल्या बायकांना मताचा हक्क घटनेनं दिला तो १९२० साली. तोवर ज्युलियाला जाऊन बावीस वर्षं झाली होती.

मत नव्हतं, तरी एक गोष्ट तिनं करून दाखवली. आपल्या जमिनीतून प्लॉट विकताना खरेदीखतातच तिनं अट घातली, इथे दारू विकायची नाही. फ्लॅगलरच्या खतांतही ही अट होती, फक्त त्याच्या हॉटेलाला सूट. आपल्याकडे दारूबंदीसाठी बायकांना मतदान करून बाटली आडवी करावी लागली. हिनं खरेदीखतातच बाटली आडवी केली! अर्थात दारूवाले काही कमी हुशार नव्हते. शहराची हद्द संपली की लगेच पलीकडे त्यांनी गुत्ते थाटले.

जमीन भरपूर, पैसा नाही

जानेवारी १८९७मध्ये फ्लॅगलरचं रॉयल पाम हॉटेल सुरू झालं. विजेचे दिवे, लिफ्ट, हिरवळ. ते बांधताना आड आलेली एक उंच टेकडी सपाट केली गेली. ती टेकडी म्हणजे तिथल्या प्राचीन टेक्वेस्टा लोकांची दफनभूमी होती. हाडं पिंपांत भरून हलवली. त्या पिढीला त्याचं काही वाटलं नाही, आणि ज्युलियाही त्याच पिढीतली होती. तिची गोष्ट सांगताना हे झाकून ठेवणं बरं नाही.

बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की आता ज्युलिया कोट्यधीश झाली. तसं झालं नाही. जमीन होती, पण जमीन खाता येत नाही. शहर वाढवायचं म्हणून तिनं स्वतः हॉटेल बांधलं, दुकानं आणि घरं बांधली, तीही कर्ज काढून. प्लॉट हळूहळू विकले जात आणि व्याज मात्र दिवसाला चढे. त्यात १८९६च्या नाताळात बाजारपेठेला आग लागली आणि दुकानांच्या रांगाच्या रांगा जळून गेल्या. तिनं फ्लॅगलरकडे पुन्हा पुन्हा मदत मागितली. त्यानं काही वेळा केली, मग तो वैतागू लागला. त्याच्यामागे तेलाचा पैसा होता. त्याला दहा वर्षं थांबता येत होतं. हिला पुढचा हप्ता भरायचा होता. करार बरोबरीचा होता, पण करार करणारे बरोबरीचे नव्हते.

बचत गटाच्या कामात खेड्यापाड्यांत फिरताना मला हे चित्र फार ओळखीचं वाटतं. बाईच्या नावावर दोन एकर असतात, क्वचित घरही असतं. पण तिच्या हातात रोख रुपया नसतो, बँकेत तिला कोणी ओळखत नाही, आणि अडलं की जो पैसे देतो त्याच्याच मनासारखं तिला करावं लागतं. नावावर जमीन असणं ही पहिली पायरी आहे, आणि तीच अजून कितीजणींना चढता आलेली नाही. पण ती शेवटची पायरी नव्हे.

१८९८च्या उन्हाळ्यात स्पेनशी युद्ध सुरू झालं आणि मायामीत सुमारे सात हजार सैनिकांचा तळ पडला. गावची वस्ती दोन हजारांच्या आत. पाणी खराब, उकाडा, डास, आजारपणं. सैनिक दीड-दोन महिन्यांत गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ज्युलिया आजारी पडली. मेंदूच्या आवरणाला सूज आली होती असं सांगतात. तिला उपचारासाठी दुसरीकडे हलवायची तयारी चालली होती, तेवढ्यात १४ सप्टेंबर १८९८ रोजी ती गेली. वय अवघं एकोणपन्नास. ती मायामीत येऊन सात वर्षंही पुरी झाली नव्हती. तिनंच वसवलेल्या शहराच्या नव्या दफनभूमीत तिला मूठमाती मिळाली. त्या दिवशी गावातली दुकानं बंद होती.

मागे राहिली जमीन आणि कर्ज. फॅनी आणि हॅरीला ते कर्ज फेडण्यासाठी जमीन विकावी लागली. ज्या जमिनीचा पुढे फुटाफुटाला सोन्याचा भाव आला, ती टटल घराण्याकडे राहिली नाही.

नदीच्या पलीकडच्या मेरी ब्रिकेलचं मात्र वेगळं झालं. या दोघींचं आपसात फारसं पटत नसे म्हणतात. मेरीनं घाई केली नाही. जमीन धरून ठेवली, हिशेब स्वतः बघितला, जमेल तसा एकेक भाग विकसित केला. तिला आयुष्यही मोठं मिळालं, ती १९२२ साली वारली. आज मायामीतल्या एका महागड्या भागाला ब्रिकेल हेच नाव आहे. एका काठावर स्वप्न बघणारी आणि दुसऱ्या काठावर धीर धरणारी. खरं सांगायचं तर शहराला दोघीही लागल्या.

नाव कुणाचं राहिलं?

१९०० साली मायामीची लोकसंख्या होती १,६८१. १९२०मध्ये ती २९ हजारांच्या पुढे गेली आणि १९३०मध्ये १ लाख १० हजारांवर. मुख्य रस्त्याला नाव मिळालं फ्लॅगलरचं. ज्युलियाचं नाव मोठ्या जागी लागायला साठ वर्षं गेली. १९५९मध्ये उपसागरावरून मायामी बीचकडे जाणारा लांबलचक पूल-रस्ता खुला झाला, त्याला तिचं नाव आहे. आणि २०१०मध्ये समुद्राकाठच्या बागेत तिचा ब्राँझचा पुतळा बसला. पुतळ्याच्या हातात फळं-फुलं आहेत. करारनामा नाही!

आणि एक ताजी गोष्ट. बाईनं वसवलेल्या या शहराला पहिली महिला महापौर कधी मिळाली असेल? डिसेंबर २०२५मध्ये. आयलीन हिगिन्स निवडून आल्या तेव्हा शहराला १२९ वर्षं झाली होती. पहिल्या सभेत जिला हात वर करता आला नाही, तिच्या शहरात बाईला त्या खुर्चीवर बसायला एवढा काळ लागला.

ज्युलिया टटलच्या आयुष्याकडे बघताना मला तिची धडाडी दिसते, चिकाटी दिसते आणि तिची झालेली दमछाकही दिसते. सदतिसाव्या वर्षी नवरा गेलेली बाई बेचाळिसाव्या वर्षी जंगलात जाऊन शहराचा पाया घालते. आपल्यातल्या कितीतरी जणी चाळिशी आली की आता आपलं काय राहिलं म्हणून बसतात. तिचं सगळं त्याच वयात सुरू झालं.

मैत्रिणींनो, एक काम या आठवड्यात करा. घरातलं कागदपत्रांचं कपाट उघडा. सातबारा, घराचा उतारा, बँकेचं पासबुक, विम्याची पॉलिसी, एकेक कागद काढून वाचा. कुठे आपलं नाव आहे, कुठे नाही, वारस म्हणून कुणाचं आहे आणि कुठल्या कर्जावर आपली सही आहे, ते एका वहीत लिहून ठेवा. जे समजणार नाही ते विचारा. एकदा विचारून उत्तर मिळालं नाही, तर पुन्हा विचारा. ज्युलियानं चार वर्षं विचारलं होतं.